राजीनामा द्यायची रीत

कॅनडात, किचनर गावातल्या आमच्या कॉलेजात प्रत्येक विद्यार्थी क्लबला एक सल्लागार लागतो. सल्लागार म्हणजे कॉलेजचा पगार घेणारा कुणीही माणूस, ज्यानं वर्षातून एकदा सही करायची आणि एरवी क्लबच्या वाटेला जायचं नाही. लॅटिन अमेरिकन विद्यार्थ्यांच्या क्लबचे सल्लागार निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थी विभागाच्या मॅनेजरनं मला गाठलं. मी वेळापत्रकाच्या ऑफिसात आहे. कोणत्या तासाला कोणती खोली, एवढंच बघते. मी त्याला सांगितलं की मी नागपूरची, मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, आणि लॅटिन अमेरिका मी शाळेच्या नकाशात रंगवली तेवढीच. तो म्हणाला, त्यानं काही बिघडत नाही, तुम्हीही लांबून आलात आणि तेही लांबूनच आलेत.

मी नाही म्हटलं. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, एवढी रीत मला आहे. समोरच्यानं मग आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे, आणि शेवटी 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणून मान डोलवायची. या माणसानं माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि निघून गेला. मी दोन दिवस वाट पाहिली. मग मलाच त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं लागलं की माझं मन बदललंय. त्याला फार आनंद झाला. इतकी वर्षं या देशात काढूनही मी यातून काही शिकलेले नाही, आणि खरं सांगायचं तर शिकायची इच्छाही नाही.

क्लबची खोली जिमच्या मागं होती. एक सोफा, एक मायक्रोवेव्ह, आणि पार्किंग दिसणारी खिडकी. पहिल्या दिवशी गेले तर सोफ्यावर एक मुलगी अंगावर कोट घेऊन झोपली होती. तीच क्लबची अध्यक्ष. मूळची एक्वाडोरची, टोरांटोकडच्या स्कारबरोला आईजवळ वाढलेली, किचनरला शिकायला आलेली. तिचे तास दुपारी संपायचे आणि डोनटच्या दुकानातली शिफ्ट संध्याकाळी सुरू व्हायची. राहायला बेसमेंट, तेही दोन बस बदलून. मधला वेळ ती या खोलीत काढायची. तिनं उठून बसत मला साफ सांगितलं की हजेरी कमी म्हणून कॉलेज ही खोली काढून घेणार आहे, आणि खोली गेली की ती कॉलेज सोडून आईकडे जाणार आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्याला ओळखतो तो फक्त हा सोफा, असं ती म्हणाली. रडत नव्हती. बस किती वाजता येते ते सांगावं तशा आवाजात सांगत होती, म्हणून मला जास्त लागलं.

नियम सोपा होता. क्लबला एक सल्लागार हवा, आणि वार्षिक सभेला डझनभर सभासद हजर हवेत. क्लबात तेव्हा चार जण होते, त्यातला एक चुकून आलेला. कॉलेजात लॅटिन अमेरिकेची मुलं काही कमी नव्हती, पण ती येत नव्हती. काही कामावर जायची, काहींना घरी जायची बस पकडायची असायची. आणि बऱ्याच जणांना वाटायचं की आपण पुरेसे लॅटिनो नाही. एक मुलगा किचनरमध्येच जन्मलेला, आईवडील एल साल्वादोरचे; घरी ते स्पॅनिशमध्ये विचारायचे आणि हा इंग्रजीत उत्तर द्यायचा. आपल्याला तिथं सगळे हसतील अशी त्याला भीती होती. माझ्या घरी अशीच एक मुलगी आहे, त्यामुळं मला तो मुलगा लगेच कळला.

अध्यक्ष मुलीनं भिंतीवर पोस्टर लावलं होतं, त्यावर सर्वांचं स्वागत असं लिहिलेलं. मला हसूच आलं. सर्वांनी यावे असं लिहिलं की कुणीही येत नाही, हे आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. माझे बाबा उत्तर नागपुरात जयंती उत्सव समितीत होते. समितीत माणूस हवा असेल तर त्याला बोलवत नाहीत, त्याला पद देतात. पद मिळालं की माणूस घरी बसत नाही, त्याची बायको बसू देत नाही.

मग मी पदं काढली. अध्यक्ष होतीच. साल्वादोरच्या मुलाला मी कार्याध्यक्ष केलं. अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांत फरक काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तो आजवर कुणाला कळलेला नाही, पण तू मनावर घेऊ नकोस. त्यापुढं तीन उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, प्रसिद्धिप्रमुख, स्वागताध्यक्ष. खजिनदारही नेमला. खजिना नसल्यामुळं त्याच्या ताब्यात मायक्रोवेव्ह दिला. ब्राझीलचा एक मुलगा होता. आम्ही पोर्तुगीज बोलतो तर आम्ही यात येतो का, यावर दोन आठवडे वाद झाला, म्हणून मी त्याला विशेष निमंत्रित केलं. तो त्या पदावर इतका खूश झाला की उपाध्यक्षांनाही विशेष निमंत्रित व्हावंसं वाटू लागलं. नोव्हेंबर संपेपर्यंत क्लबात एकही साधा सभासद उरला नव्हता.

बॅनरही केला. बॅनरवर सगळ्यांचे फोटो, पदाप्रमाणे लहानमोठे, सगळ्यांनी गॉगल लावलेले आणि मोबाइल कानाला. हे असं का, ते मुलांनी विचारलं नाही. त्यांना ते एकदम पटलं. तो कॅफेटेरियासमोर लागला आणि कार्याध्यक्षाची आई घरकामाच्या गणवेशातच तो बघायला आली. मुलाच्या फोटोखाली उभी राहून तिनं स्वतःचा फोटो काढून घेतला आणि रडली. तो ओशाळून तिच्याशी काहीतरी बोलला, आणि स्पॅनिशमध्ये बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवणार नाही.

वार्षिक सभा जानेवारीत झाली. मी ती आपल्या पद्धतीनं बसवून दिली होती. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, आभारप्रदर्शन, मग जेवण. आमच्याकडे सत्काराला नारळ देत नाहीत, शाल आणि पुस्तक देतात. शाली म्हणून डॉलर दुकानातली फ्लीसची पांघरुणं आणली. पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीनं रद्दीत काढलेल्या ढिगातून घेतली. मॅनेजरला हिरवं पांघरूण आणि डुक्करपालनावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. ते आपल्यासाठी विचार करून निवडलंय असं त्यानं धरलं आणि भाषणात म्हणाला की तो यातून शिकेल. नंतर तो खरंच स्टाफ मीटिंगमध्ये त्यातले दाखले द्यायला लागला. पुढचे सहा महिने आमच्या विभागात कळपाच्या सवयींवर बरंच बोलणं झालं.

पदाधिकारी सगळे हजर होते, वर त्यांच्या आया आणि मावश्या. खोली वाचली. मग अध्यक्ष आभार मानायला उभी राहिली. मी दुसऱ्या रांगेत नम्र चेहरा करून बसले. तिनं मॅनेजरचे आभार मानले. सफाई कामगारांचे मानले. पार्किंगवाल्यानं त्या दिवशी कुणाला दंडाचं तिकीट दिलं नाही, त्याचे मानले. मायक्रोवेव्ह ज्यानं दिला त्या जुन्या विद्यार्थ्याचे मानले. मी चेहरा तसाच धरून होते. मग ती म्हणाली, जेवण तयार आहे.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. मी कोट न काढता त्याला सगळं ऐकवलं. त्यानं फावडं टेकवून विचारलं, "पण तूच तिला सांगितलं नव्हतं का, माझं नाव घेऊ नको म्हणून?"

अर्थात मीच सांगितलं होतं. तालमीच्या वेळी ती माझं नाव लिहायला लागली तेव्हा मी म्हटलं होतं, अगं माझं कशाला, माझं नाव मुळीच घ्यायचं नाही. असं म्हणायचंच असतं. सल्लागारानं 'माझं नाव नीट ठळक घे' असं म्हणायचं असतं का? बाबांनी प्रत्येक वर्षी आपलं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं आणि प्रत्येक वर्षी ते पहिलं घेतलं गेलं. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते नागपूर होतं. तू इथं नको म्हटलं, तिनं नाही घेतलं. यात चिडायचं काय आहे?" आणि पुन्हा बर्फ लोटायला लागला.

त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मी तिथंच ठरवलं आणि सकाळी मुलांना आणि मॅनेजरला ईमेल पाठवली: वैयक्तिक कारणास्तव मी सल्लागारपदाचा राजीनामा देत आहे. ज्याला मंडळाची सवय आहे त्याला या वाक्याचा अर्थ कळतो. याचा अर्थ, माझ्या घरी या. चारपाच जणांनी या, सोफ्यावर अवघडून बसा, काय झालं ते विचारा. मी सांगणार नाही. तुम्ही पुन्हा विचाराल, मी चहा करेन, आणि चहा होईपर्यंत राजीनामा मागे घेतलेला असेल. बाबांनी निदान सात राजीनामे दिले आणि ते वारले तेव्हा समितीतच होते. मी संध्याकाळसाठी पोहे भिजवायच्या बेतात होते.

दुपारी उत्तर आलं. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केक आणला. वर माझं नाव आणि गुड लक. सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या असलेलं कार्ड होतं. मॅनेजर हिरवं पांघरूण खांद्यावर घेऊन आला, स्वतःसाठी वेळ काढणं किती महत्त्वाचं आहे ते बोलला, आणि पुस्तकातला थकलेल्या डुकरिणीला वेगळं ठेवण्याचा मुद्दा त्यानं फार आपुलकीनं सांगितला. मी माझ्याच निरोपाचा केक कापला. आयुष्यात इतका अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि सगळ्यांचे चेहरे प्रेमानं भरलेले होते. केक बरा होता.

आता क्लबला सल्लागार नव्हता. मॅनेजरनं सगळ्या विभागांना विचारलं, कुणाला वेळ नव्हता. महिनाअखेरपर्यंत कुणी मिळालं नाही तर खोली बोर्ड गेम खेळणाऱ्या क्लबला जाणार होती, आणि ती मुलं एक दिवस टेप घेऊन सोफा मोजूनही गेली. मला हे सगळं माहीत होतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जिमच्या मागून, कारण नसताना, हळूहळू चालत जायचे. दार उघडं असायचं. मुलं आतून हात करायची. कुणी बाहेर येऊन विचारत नव्हतं. स्वतःहून परत यावं तर राजीनाम्याला काय अर्थ राहिला? आणि न यावं तर त्या मुलीची खोली जाणार. मी पुरती कात्रीत सापडले होते. घरी मुलीला विचारलं तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम यू वॉन्ट इट बॅक." हिला मी मराठी मुलगी म्हणून वाढवलं.

शेवटच्या आठवड्यात मी तिथून जात होते तेव्हा अध्यक्ष एकटीच होती. मायक्रोवेव्ह तिनं खोक्यात घातला होता आणि भिंतीवरचे फोटो काढत होती. मला राहवलं नाही. मी दारात उभी राहून म्हटलं की तुला एकदाही वाटलं नाही का, मला विचारावं, का सोडलंत म्हणून?

"तुम्ही पर्सनल रीझन लिहिलं होतं," ती म्हणाली. "पर्सनल म्हणजे विचारू नका."

मी म्हटलं, पर्सनल म्हणजेच विचारा.

ती खोक्यावर बसली. मग ती म्हणाली, "आमच्या घरी कुणी जातो म्हटलं की जाऊ देतात. माझे वडील दारात उभं राहून म्हणाले, मी चाललो. आईनं त्यांना डबा भरून दिला. मी दप्तर आवरत होते. आम्हाला वाटलं, मोठा माणूस सांगतोय म्हणजे त्यानं ठरवलं असेल."

मी तिच्या शेजारी बसले. त्या माणसाला थांबायचं होतं की नव्हतं, ते मला कसं कळणार? पण त्या दोघींपैकी कुणी विचारलंच नाही, आणि ते आता तिच्या ध्यानात येत होतं, हे मला दिसत होतं. मला स्वतःच्या रागाची लाज वाटली असं मी म्हणणार नाही, कारण राग बरोबर होता. पण तो मी चुकीच्या पत्त्यावर पाठवला होता. म्हणून मी तिला रीत समजावली. आमच्यात कुणी जातो म्हटलं की नका जाऊ म्हणतात. पहिल्यांदा तो ऐकत नाही. दुसऱ्यांदा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो विचार करतो. तिनं लक्ष देऊन ऐकलं, ती लॅबमध्ये ऐकत असावी तसं. मग उठून उभी राहिली आणि म्हणाली, "प्लीज जाऊ नका."

"नाही, माझा निर्णय झालाय," मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

तिनं मान हलवली, आदरानं, आणि पुन्हा भिंतीवरचे फोटो काढायला लागली.

"अगं," मी म्हटलं, "अजून दोनदा बाकी आहे."

तिनं हातातला फोटो खाली ठेवला आणि उरलेल्या दोन्ही वेळा म्हटलं. मी खोक्यातून मायक्रोवेव्ह काढला. मॅनेजरला जाऊन सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, केक परत करायचा नाही ना, आणि हा त्याचा आजवरचा एकमेव विनोद होता. निदान मी तरी तो विनोद धरला.

पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा क्लब इतका वाढला होता की त्यात गट पडले, आणि मला समाधान वाटलं. अध्यक्ष मुलीचं ते शेवटचं वर्ष. सप्टेंबरात नवा बॅनर झाला आणि त्यात कार्याध्यक्षाचा फोटो मधोमध, अध्यक्ष एका कडेला, वर सहचिटणिसाच्या कोपरानं तिचा अर्धा कान झाकलेला. छापखान्याची चूक होती असं सगळे म्हणाले. ऑक्टोबरच्या सुट्टीला ती स्कारबरोला आईकडे गेली आणि तिथून तिची ईमेल आली. वैयक्तिक कारणास्तव ती अध्यक्षपदाचा राजीनामा देत होती. परत किचनरला येणार नव्हती. उरलेले विषय पुढं कधीतरी ऑनलाइन करेल, नाहीतर राहू दे, असं लिहिलं होतं.

मॅनेजरनं तासाभरात नव्या निवडणुकीची तयारी केली. मी त्याला सांगितलं, कशालाही हात लावायचा नाही. शनिवारी सगळ्या पदाधिकाऱ्यांना कॉलेजच्या दारात बोलावलं आणि तीन गाड्या काढल्या. एक आमची, ती नवऱ्यानं चालवली. एक कार्याध्यक्षाच्या आईची, ती स्वतःच घेऊन आली, कारण चूक तिच्या मुलाच्या फोटोची होती असं तिचं म्हणणं. विशेष निमंत्रित आपली जुनी गाडी घेऊन मागून येत होता. फोर-ओ-वन हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता, आणि मी मुलांना काय काय बोलायचं ते सांगत होते. पहिल्यांदा काय, दुसऱ्यांदा काय. कुणी आदर करतो म्हणायचं नाही. कुणी केक आणला असेल तर तो डिकीतच ठेवायचा. स्वागताध्यक्षानं खरंच आणला होता.

पण नवऱ्याला मी हळूच म्हटलं, तिनं इथल्यासारखा राजीनामा दिला असेल तर? खराखुरा? ती लहानपणापासून याच देशात वाढली. तिच्या घरी जाणाऱ्याला डबा देतात. आपण एवढे जण जाऊन उभे राहिलो आणि तिनं दारातच सांगितलं की थँक्यू, माझं ठरलंय, तर आपण काय करायचं? नवरा म्हणाला, "मंग तीनदा विचारू. अन् चौथ्यांदा मी विचारीन." हा माणूस लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कधीकधी असं बोलतो.

स्कारबरोचं ते घर एका लांब गल्लीच्या टोकाला होतं. आम्ही गाड्या लावून उतरलो आणि सगळे जण अंगणात घोळका करून उभे राहिलो, कुणी पुढं व्हायचं यावर कुजबुज सुरू झाली. कार्याध्यक्ष पुढं झाला. त्यानं बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. ती दारात उभी होती, हाताची घडी, चेहरा गंभीर. तो तिला स्पॅनिशमध्ये म्हणाला, जाऊ नकोस.

"सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली. "आय हॅव मेड माय डिसिजन."

आणि तिनं त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

तिच्या मागं आतली खोली दिसत होती. टेबलावर भाताचं मोठं पातेलं, कोंबडीचा रस्सा, तळलेली केळी. आई ताटं पुसत होती, आमच्याकडे न बघता. भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या, घरच्या, शेजाऱ्यांच्या, बागेतल्या प्लास्टिकच्या, आणि आम्हा सगळ्यांना पुरून एक उरत होती.